बांधावरचा जंतू

चिंचेवाडी, पो. जळकोट
२१ मे २०२४

चि. शिवप्रिया,

पेपरात तुझा फोटो आला आणि आपल्या चिंचेवाडीत भांडण लागलं. घाबरू नको, चांगलं भांडण हाय.

फोन का केला न्हाय म्हणून रागावू नको. या उन्हाळ्यात माझा डावा कान पार खलास झाला, आणि उजव्यात नुसती शिट्टी वाजती. शिवाय मी पडलो गावातली भांडणं मिटवणारा माणूस. तोंडानं बोललेलं लोक दुसऱ्या दिवशी नाकारतेत. कागद बरा.

तर ऐक. पारावर पेपर वाचला. ‘तुळजापूर तालुक्याच्या मातीत सापडला थंडीत काम करणारा जंतू, धाराशिवच्या संशोधक विद्यार्थिनीचं यश.’ खाली तू, तुझे ते रणधीर सर आणि मधी काचेची बाटली. बलभीम लगेच छाती काढून म्हणाला, “ही माती आमच्या रानातली. जानेवारीत मामाची भाची पिशवी घेऊन आली तवा म्या डोळ्यानं बघितलंय.” ईरण्णा पलीकडच्या कट्ट्यावर होता. तो बलभीमशी बोलत न्हाय, म्हणून माझ्याकडं तोंड करून म्हणाला, “मामा, त्या माणसाला सांगा, पोरगी माझ्या बाजूला बसली होती. खुरपंबी माझंच होतं.”

तुला ठाऊकच हाय, दोघांच्या रानामधल्या त्या बांधावरनं अकरा वर्षं अबोला हाय. बांध कुणी कोरला यावरनं मोजणी झाली, कोर्ट झालं, एकदा डोकी फुटली. तवापासनं पोळ्याला गावात दोन तोरणं लागतेत आणि बैलं दोन वाटांनी मिरवतेत. एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायचा तर तो माझ्या तोंडानं.

म्या दोन्ही हात वर केले अन् म्हणलं, “माती बांधावरची. बांध दोघांचा. म्हणजे जंतू दोघांचा.” दोघंबी अडकले की! मान घ्यायचा तर बांध दुसऱ्याचाबी हाय असं कबूल करावं लागतंय. मग ठरलं. यंदा पोळ्याला एकच मांडव, एकच तोरण, आणि बैलांच्या आधी तुझा सत्कार. शाल बलभीमची, नारळ ईरण्णाचा.

आता लोक इचारतेत, हा जंतू करतो काय? म्या सांगितलं, थंडीत काम करतो म्हणजे दूध नासणार न्हाय. बरोबर हाय ना? चुकलं असंल तर लवकर कळव. बलभीम दूध गोळा करतो, तो लई खूश झालाय.

तुझा,
शिवप्पामामा


धाराशिव
२९ मे

मामा, नमस्कार.

आधी दुधाचं. नाही, नाही आणि नाही! हा जंतू एक एन्झाइम तयार करतो आणि ते प्रथिनं तोडतं. दुधात टाकलं तर दूध आधी फाटेल. याचा उपयोग झालाच तर कपड्याच्या साबणात होईल, म्हणजे थंड पाण्यातसुद्धा डाग निघतील. बलभीमदादांना आजच सांगा.

मी नक्की काय करते, असं मामीनं मागं विचारलं होतं. खरं सांगायचं तर दिवसभर बफर करते. ट्रिस नावाची एक पांढरी पूड असते. ती पाण्यात विरघळवायची आणि मीटरवर आठचा आकडा येईपर्यंत थेंब थेंब आम्ल घालत बसायचं. सातच्या खाली पाणी आंबट, सातच्या वर सोड्यासारखं. आमची एन्झाइमं फार नखरेल असतात. आकडा इकडचा तिकडे झाला की कामच सोडून देतात. म्हणून त्यांना बफरमध्ये ठेवायचं. आंबट आलं तर बफर ते गिळतो, सोडा आला तर तोही गिळतो, आणि आत बसलेल्याला काही कळू देत नाही. स्वतः काहीच करत नाही. शोधनिबंधात त्याला अर्धी ओळ मिळते.

आमची लॅब गच्चीवर, पत्र्याखाली. एसी फक्त सरांच्या केबिनला. दुपारी आत चाळीसच्या वर पारा असतो. बफरमध्ये घामाचा थेंब पडू नये म्हणून मी कपाळाला रुमाल बांधून काम करते. पेपरातला फोटो केबिनमध्ये काढलाय, म्हणून इतकी टवटवीत दिसते.

सर भलतेच खूश आहेत. गरम जमिनीतला जंतू, आणि त्याचं एन्झाइम फ्रीजच्या थंडीत दुपटीनं काम करतं, हे कुणी मानायलाच तयार नव्हतं. आता त्यांना ते परिषदेत मांडायचंय.

सत्काराचं मात्र राहू द्या. मला संकोच वाटतो. शाल कुठल्या रंगाची ठरलीय?

शिवप्रिया


चिंचेवाडी
१८ जून

चि. शिवप्रिया,

शाल मोरपंखी. बलभीम सोलापूरला जाऊन घेऊन आलाबी.

आता खरी बातमी. परवा मांडवाची जागा बघायला आमी तिघं गेलाव. मी मधी, ते दोघं दोन बाजूला. बलभीमनं तंबाखू काढली, खिसे चाचपले, अन् एकदम ईरण्णाकडं बघून म्हणाला, “चुना हाय का?” ईरण्णानं डबी दिली. माय, अकरा वर्षांत पहिल्यांदा! माझ्या डोळ्यात पाणी आलं. म्या धूळ गेली म्हणून सांगितलं.

आणि दुसरं. बलभीमची आई सारजाबाई अन् ईरण्णाची आई गिरिजाबाई या जुन्या मैतरणी, हे तुझ्या वयाच्या पोरांना ठाऊक नसंल. एका जात्यावर दळलेल्या. पोरांच्या भांडणापायी दोघींचं येणंजाणं बंद झालं. आता दोघींनाबी चालवत न्हाय. दोघींनी मला वेगवेगळं बोलावून एकच सांगितलं, “शिवप्पा, पोळ्याच्या मांडवात आमची बाजली शेजारी टाक.” एकीला म्हणलं, दुसरीनंबी हेच मागितलंय. “यव्वा!” म्हणाली अन् पदर तोंडाला लावला.

फ्लेक्स तयार झालाय. मधी तू, डावीकडं बलभीम, उजवीकडं ईरण्णा, वर जंतूचा फोटो. जंतूचा फोटो कुठं मिळंना, म्हणून पोरानं मोबाइलमधनं दुसरा कुठला तरी टाकलाय. अंगाला काटे हायत त्याच्या. चालंल ना?

दुधाचं अजून सांगितलं न्हाय. सांगतो हळूहळू.

शिवप्पामामा


धाराशिव
२७ जुलै

मामा,

हे पत्र एकट्यानं वाचा. पारावर वाचू नका.

सत्कार रद्द करा. शोध चुकला आहे.

परिषदेला आकडे लागतात म्हणून मी गेले तीन आठवडे तोच प्रयोग पुन्हा करतेय. जंतू तोच, पूड तीच, मीटर तोच. मेमध्ये फ्रीजमध्ये ठेवलं की एन्झाइम कसं उड्या मारायचं! आता थंडीत ठेवलं की मरगळून बसतं, इतर कुठल्याही एन्झाइमसारखं. मला वाटलं जंतूच मेला. मग वाटलं बाटलीत दुसरा शिरला. देवाला नारळसुद्धा बोलून झाला.

काल लक्षात आलं. ट्रिसला एक खोड आहे. तापमान बदललं की त्याचा आकडा बदलतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या भट्टीत मी मीटरवर आठ आणला आणि तोच बफर उचलून फ्रीजमध्ये नेला. थंड झाला की तो आपोआप नऊवर जातो. मी समजत राहिले, आत आठच आहे. जंतूच्या एन्झाइमला थंडी आवडतच नव्हती मामा, त्याला सोडा आवडत होता. आणि सोडा आवडणारी एन्झाइमं जगात पोत्यानं पडलीत. आता पावसाळ्यात लॅब गार, आठ लावलेला बफर फ्रीजमध्ये तितका हलत नाही, म्हणून शोधही सापडत नाही.

वाईट काय वाटतं माहितेय? वापरायच्या तापमानालाच आकडा लावायचा, हे मी स्वतः बी.एस्सी.च्या मुलांना शिकवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली दोन रेघा मारते. लाज वाटते मला.

फ्लेक्स लावू नका. त्यांना सांगा, मी आजारी आहे.

शिवप्रिया


चिंचेवाडी
४ ऑगस्ट

चि. शिवप्रिया,

पत्र एकट्यानं वाचलं. दोनदा वाचलं. काय कळलं ते सांगतो. उन्हाळ्यात खरं होतं, पावसाळ्यात खोटं झालं. असं आमच्या पुढाऱ्यांचं नेहमीच होतं, त्यात लाजायचं काय?

तू येणार न्हायस म्हणलं की इथं काय होईल ते ऐक. बलभीम म्हणंल, ईरण्णाच्या बाजूची माती खोटी निघाली. ईरण्णा म्हणंल, बलभीमनं पोरीला फितवलं. तिथनं पुढं काय, हे म्या अकरा वर्षांमागं बघितलंय, ईरण्णाच्या डोक्याला रुमाल म्या बांधला होता. मला भ्याव वाटतंय माय, हे मी तुलाच सांगतो. आता ती दोघं एकमेकाला चुना देतेत. काल मांडवाच्या कळकासाठी एकाच ट्रॅक्टरवर बसून नळदुर्गला गेली. दोन म्हाताऱ्यांनी ठेवणीतली लुगडी काढून उन्हात टाकलीत.

तूच लिहिलं होतंस ना, तुझं ते बफर स्वतः काही करत न्हाय, दोन्हीकडचं गिळतं अन् आतल्याला कळू देत न्हाय? मग एक दिवस तूबी गिळ की. शाल घे, नारळ घे, हात जोड, खाली बस. भाषण मी करतो. पोळा झाल्यावर काय सांगायचं ते सांग, न्हायतर सांगूच नको. साबणाचं कोण इचारायला येतंय?

आणि आजारी हाय म्हणून सांगू नको. गिरिजाबाई गाडी करून तुला बघायला निघंल.

शिवप्पामामा


धाराशिव
१६ ऑगस्ट

मामा,

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग रडू आलं. तुम्ही म्हणता ते पटतंय, हाच त्रास आहे.

रणधीर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मे महिन्यात चाळीस अंशांत हाच प्रयोग पुन्हा केलास तर हेच आकडे येतील की नाही?” मी म्हटलं, येतील. “मग चूक कसली?” म्हणाले. मग त्यांनी एसी वाढवला आणि सांगितलं, की परिषद दसऱ्याच्या आधी आहे, त्यांची बढतीची मुलाखत दसऱ्यानंतर आहे आणि माझ्या प्रबंधावर सही त्यांची लागते. धमकी दिली असं म्हणता येणार नाही. चहाही दिला.

म्हणजे सर म्हणतात गप्प बस, कारण त्यांची बढती आहे. तुम्ही म्हणता गप्प बस, कारण गावात शांतता आहे. तुमचं कारण शंभरपट चांगलं आहे, पण तोंड माझंच शिवायचं आहे ना? तिथं शाल घेतली तर इथं सरांना नाही कुठल्या तोंडानं म्हणू? फ्लेक्सवर फोटो माझा आहे.

मी येते. मोरपंखी शाल अंगावर घेण्याआधी बोलेन. फार वेळ घेणार नाही. तुम्हाला आधी सांगून ठेवते, म्हणजे लाठ्याकाठ्या मांडवातून तेवढ्या हलवून ठेवा.

आणि दुधाचं सांगितलंत का?

शिवप्रिया


चिंचेवाडी
१० सप्टेंबर

चि. शिवप्रिया,

माइकवर बोललीस, खाली उतरलीस आणि तडक हायवेला जाऊन गाडीत बसलीस. पोळीसुद्धा खाल्ली न्हायस. मामी अजून बोलती. पुढं काय झालं ते तुला ठाऊकच न्हाय, म्हणून लिहितो.

तू म्हणलीस, “जंतूत काही विशेष नाही, चूक माझी आहे, मी बफर चुकीचा केला.” बलभीम हातात शाल घेऊन उभा. तो म्हणाला, “म्हणजे माती...” अन् ईरण्णाकडं बघितलं. ईरण्णा उठला. नारळ त्याच्या मुठीत होता, मला त्या नारळाचंच भ्याव वाटलं. ईरण्णा म्हणाला, “माती काय? पोरगी आत्ता काय म्हणली? चूक तिची हाय म्हणली.” बलभीम म्हणाला, “व्हय. माती चांगलीच हाय.” ईरण्णा म्हणाला, “दोन्ही बाजूची.” बलभीम म्हणाला, “दोन्ही बाजूची!”

माय, त्या दोघांना आजवर असं भांडणच घावलं नव्हतं, ज्यात दोघांचाबी दोष न्हाय. ते तिथंच शेजारी बसले आणि तुझ्या चुका काढायला लागले. एक म्हणाला, शिकलेल्या पोरी डब्यावरचं वाचत न्हायत. दुसरा म्हणाला, पत्र्याखाली कुणी असली नाजूक कामं करतंय का? एक म्हणाला, मामानंच पोरीला डोक्यावर घेतली. त्यावर तर दोघांनी टाळी दिली. सगळं गाव हळूहळू त्यात सामील झालं. तुझ्यावर गाव एकमतानं नाराज हाय. अकरा वर्षांत एकमतानं झालेली ही पहिलीच गोष्ट.

बैलं एकाच तोरणाखालनं गेली. पहिला मान कुणाचा यावर जरा ओढाताण झाली, म्हणून दोन्ही जोड्या एकदमच घुसवल्या. तोरण तुटलं. तुझी शाल बलभीमनं ईरण्णाच्या बैलाच्या पाठीवर टाकली. मोरपंखी रंग पांढऱ्या बैलावर लई खुलला, खोटं कशाला सांगू.

सारजाबाई अन् गिरिजाबाईनं मात्र तुझ्या भाषणातलं काही ऐकलं न्हाय. दोघी एकमेकीचा हात धरून सकाळपासनं बोलत होत्या. दिवेलागण झाली तरी उठंनात.

दुधाचं सांगायची आता गरज उरली न्हाय.

शिवप्पामामा


धाराशिव
३ ऑक्टोबर

मामा,

माझा शोध खरा असता तर गावाला काही उपयोग झाला नसता, चुकीचा निघाला म्हणून तरी झाला. बरं वाटलं. थोडा रागही आला. तो बैल सोडून सगळ्यांचा.

इथलं सांगते. सरांनी परिषदेत निबंध वाचला. त्यातून माझं नाव काढलं, कारण मीच लेखी दिलं होतं की बफर चुकलाय. आकडे तेच आहेत, फक्त त्यांचे एकट्याचे. विभागाच्या कागदावर मात्र ‘विद्यार्थिनीकडून प्रयोगात हलगर्जी’ असं आलंय. म्हणजे चूक माझ्या नावावर, शोध त्यांच्या नावावर. मला वाटलं होतं, खरं बोललं की निदान दोन्ही एकत्र जातील.

मी त्यांची लॅब सोडली. खालच्या मजल्यावरच्या शिवलीला मॅडमनी मला घेतलंय. त्यांनी पहिल्या दिवशी आधी थर्मामीटर हातात दिला. पण जंतूच्या बाटल्या सरांच्या कपाटात राहिल्या आणि कपाटाला कुलूप आहे. मला पहिल्यापासून सुरुवात करायचीय. पीएच.डी.ची तीन वर्षं गेली मामा. रात्री झोप लागत नाही, हे आईला सांगू नका.

एक काम करा. बांधावरची मूठभर माती स्वच्छ पिशवीत घालून पाठवा. जानेवारीत मी घेतली होती तिथलीच, लिंबाच्या खालची. तो जंतू थंडीत नाचत नसेल, पण खरा आहे, आणि मला आता खऱ्यावरच काम करायचंय.

शिवप्रिया


चिंचेवाडी
१९ ऑक्टोबर

चि. शिवप्रिया,

रणधीर सर कधी जळकोटला उतरणार असतील तर मला आधी कळव. बाकी काही लिहीत न्हाय.

माती मागितलीस, पण माय, बांधच न्हाय आता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जेसीबी लावला. बांध सपाट केला, त्या जागी दोघांना पुरंल अशी गाडीवाट काढली. लिंब तेवढा ठेवला, त्याच्या बुडाची माती उपसून मुरूम घातला, दोन्ही म्हाताऱ्यांना सावलीला बसायला. तुझी माती कुठल्या ढिगात गेली, ते त्या जेसीबीवाल्यालाच ठाऊक.

मला कुणी सांगितलंबी न्हाय. आवाज माझ्या कानात कुठला येतोय! मी सहज रानाकडं गेलो तर बांध अर्धा गेलेला. म्या म्हणलं, “अरे, मला इचारायचं तरी.” बलभीम म्हणाला, “मामा, आता इचारायचं काय? आमी बोललाव की एकमेकाशी.”

बोललाव की! अकरा वर्षं ही दोघं माझ्या तोंडानं बोलत होती. याचा राग मी त्याला निम्मा करून सांगायचो, त्याचा याला निम्मा करून. कितीक शिव्या माझ्या पोटात तशाच हायत. आता ती समोरासमोर बोलतेत आणि माझ्याकडं दिवस दिवस कुणी फिरकत न्हाय. खरं सांगतो, गावात समेट झाला आणि मला वाईट वाटलं. हे वाईट वाटणं वाईट हाय, हे मला कळतंय. परवा ईरण्णाला म्हणलंबी, “गाडीवाट तुझ्याकडं जरा जास्तच सरकली काय रे?” तो हसला अन् पुढं गेला. मामी म्हणाली, घरात बसा.

पण देव हाय. भूमच्या बाजूला तुझ्या मामीच्या माहेरी दोघा सख्ख्या भावांचं बांधावरनं लागलंय. निरोप आलाय, मिटवायला या. बांध लई जुना अन् भक्कम हाय, आणि जमीन चोपण, वर सोड्यासारखं पांढरं फुटलेली. सोडा आवडणारा तुझा जंतू तिथं पोटभर जेवत असंल. तू रविवारी पिशव्या घेऊन भूमच्या स्टँडवर ये, मी थांबतो.

भाऊ तसे गरीब हायत. दोन शब्दांत मिटंल. म्हणून म्या निरोप उलटा धाडलाय, की मी येईस्तोवर कुणीबी समेट करायचा न्हाय. आधी माती काढतो, मग बघतो.

तुझा,
शिवप्पामामा